कुत्र्याची शुगर म्हणजे आजोबांची शुगर नव्हे

आपल्याकडे डायबेटिस कोणाला नवीन आहे? घरात एक तरी गोळ्यावाला नाहीतर इन्सुलिनवाला असतोच, त्यामुळे कुत्र्याला शुगर निघाली म्हटल्यावर अख्खं घर सल्ले द्यायला लागतं. कोणी म्हणतं भात बंद करा, कोणी कारल्याचा रस पाजायला सांगतं, कोणी जांभळाच्या बियांची पावडर आणून देतं आणि एखादा तर आजोबांचीच गोळी अर्धी करून देऊया का असं विचारतो. सगळं प्रेमापोटी असतं, त्यात वाद नाही. पण कुत्र्याचा डायबेटिस मुळातच वेगळा आहे आणि घरातल्या माणसांचे नियम जसेच्या तसे त्याला लावले तर त्याला इजा होऊ शकते, म्हणून हे सगळं एकदा नीट सोप्या भाषेत लिहायचं ठरवलं. माझ्याकडे चिंगी आहे, स्पिट्झ, म्हणजे आपण सगळे ज्याला पामेरियन म्हणतो तसली, जेमतेम सहा किलोची, म्हातारपणी कोणीतरी सोडून दिलेली, आणि ती रोज दोन वेळा इन्सुलिन घेते. औषधाचा डोस मात्र तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचा, तो कुठल्याच लेखात वाचून ठरवायचा नसतो, हे आधीच सांगून ठेवते.

आधी फरक काय ते बघू. पोटात स्वादुपिंड असतं, त्यातल्या बीटा पेशी इन्सुलिन बनवतात आणि इन्सुलिन असलं तरच रक्तातली साखर स्नायूंच्या वगैरे पेशींमध्ये नीट शिरते. आजोबांना असतो तो बहुतेक वेळा टाइप टू, त्यात इन्सुलिन बनत असतं पण शरीर त्याला दाद देत नाही, म्हणून गोळ्या, चालणं, वजन उतरवणं याने बराच फरक पडतो. कुत्र्यात मात्र बहुतेक वेळा त्या बीटा पेशीच संपत आलेल्या असतात, कधी शरीराच्या स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने मारलेल्या, कधी स्वादुपिंडाला वारंवार सूज येऊन जळालेल्या. म्हणजे हे लहान मुलांना होणाऱ्या टाइप वनच्या जास्त जवळचं आहे. जिथे इन्सुलिन बनवणारंच कोणी उरलेलं नाही तिथे ते बनवायला भाग पाडणारी गोळी काय करणार, आणि कारलं तरी काय करणार? त्यामुळे आजोबांच्या बाबतीत "आता इन्सुलिनवर गेले" हे वाक्य घरात जरा दबक्या आवाजात बोललं जातं, कुत्र्याच्या बाबतीत तसं काही नाही, तिथे इन्सुलिन पहिल्याच दिवशी सुरू होतं आणि बहुतेकांना ते जन्मभर लागतं.

खरं तर इन्सुलिन सापडलंच कुत्र्यांमुळे. १८८९ साली स्ट्रासबर्गला मिन्कोव्हस्की आणि फॉन मेरिंग या दोघांनी एका कुत्र्याचं स्वादुपिंड काढून टाकलं आणि त्याला डायबेटिस झाला, तेव्हा पहिल्यांदा पक्कं कळलं की या आजाराचं मूळ तिथे आहे. मग १९२१ मध्ये टोरोंटोला बँटिंग आणि बेस्ट यांनी स्वादुपिंडाचा अर्क काढून तसल्याच कुत्र्यांना टोचला, त्यातली मार्जोरी नावाची एक कुत्री त्या अर्कावर बरेच आठवडे जगली, आणि जानेवारी १९२२ मध्ये पहिल्या माणसाला, एका मुलाला, ते दिलं गेलं. आज आपल्या घरातली माणसं ज्या औषधावर जगतायत ते त्या कुत्र्यांच्या जिवावर आलंय, तेव्हा एखाद्या टाकून दिलेल्या म्हाताऱ्या कुत्रीसाठी आपण दिवसातून दोनदा सिरिंज हातात धरली तर ते त्यांचं देणंच आहे असं मला मनापासून वाटतं.

आता रेस्क्यू केलेल्या कुत्र्यांबद्दल, कारण इथे एक गोष्ट हमखास निसटते. डायबेटिसची चार मोठी लक्षणं म्हणजे खूप पाणी पिणं, खूप लघवी, खूप भूक आणि खाऊनही वजन उतरणं. आता रस्त्यावरून किंवा शेल्टरमधून आणलेलं म्हातारं कुत्रं डोळ्यापुढे आणा. ते हाडं दिसतील इतकं वाळलेलं असतं, आपण म्हणतो बिचारं उपाशी होतं. ते ताटलीवर तुटून पडतं, आपण म्हणतो खाऊ दे, कधी पोटभर मिळालं नसेल. ते घरात शू करतं, आपण म्हणतो ट्रेनिंग नाहीये, शिकेल हळूहळू. ते भांडंभर पाणी पितं, आपण म्हणतो पुण्याचा उन्हाळा. चारही लक्षणांना आपल्याकडे चार सरळ कारणं तयार असतात आणि त्यात महिना दोन महिने निघून जातात. म्हणून माझं म्हणणं एकच, म्हातारं कुत्रं घरी आणलं की पहिल्या आठवड्यात पाणी मोजा. सकाळी लिटरची बाटली भरून ठेवा, भांड्यात ओताल ते त्यातूनच ओता आणि चोवीस तासांनी किती उरलं बघा. साधारण किलोमागे पन्नास साठ मिली पाणी ठीक आहे, किलोमागे १०० मिलीच्या वर गेलं तर काहीतरी आहे असं धरायचं, म्हणजे सहा किलोची कुत्री दिवसाला सहाशे मिलीपेक्षा जास्त पाणी रोज संपवत असेल तर डॉक्टरकडे न्या. आणि कृपा करून शू कमी व्हावी म्हणून पाण्याचं भांडं उचलून ठेवू नका. हे खूप घरांत होतं. ती जास्त पाणी पिते म्हणून जास्त शू होत नाहीये, जास्त शू होतेय म्हणून ती पाणी पितेय, पाणी काढून घेतलं तर ती आतून सुकत जाईल.

असं का होतं ते सांगते. किडनी रक्तातली साखर सहसा वाया जाऊ देत नाही, सगळी परत घेते, पण तिची एक मर्यादा आहे, कुत्र्यात ती साधारण १८० ते २२०. धरण भरलं की सांडव्यावरून पाणी सुटतं तसं त्या आकड्याच्या वर साखर गेली की ती लघवीत उतरते आणि जाताना सोबत पाणी ओढून नेते. म्हणून जिथे तिने शू केली तिथे मुंग्या लागतात, आणि आपल्याकडे जुन्या लोकांना ही खूण बरोबर कळते. गॅलरीत, पायपुसण्यावर, वर्तमानपत्रावर मुंग्यांची रांग दिसली तर फिनाईल टाकायच्या आधी डॉक्टरला फोन करा. पण मुंग्या नाही लागल्या म्हणून शुगर नाही असंही धरू नका. निदान रक्तातली साखर आणि लघवीतली साखर दोन्ही बघून होतं, आणि जास्त पाणी पिण्यामागे किडनीचा आजार, कुशिंग्ज (शरीरात कॉर्टिसॉल हे हॉर्मोन जास्त होण्याचा आजार), गर्भाशयात पू होणं अशी इतर कारणंही असतात, त्यामुळे नुसत्या एका आकड्यावर थांबायचं नाही.

आणि इथेच सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न येतो, जो मादी कुत्रीच्या बाबतीत पहिल्याच भेटीत विचारला गेला पाहिजे. तिचं नसबंदीचं ऑपरेशन झालंय का? सोडून दिलेल्या म्हाताऱ्या कुत्र्यांमध्ये न झालेल्या पुष्कळ असतात, विशेषतः ज्यांच्याकडून पिल्लं काढून घेतली आणि मग उपयोग संपल्यावर बाहेर सोडलं अशा छोट्या जातीच्या. कुत्री माजावर येऊन गेली की पुढचे दोन महिने तिच्या शरीरात प्रोजेस्टेरॉन, म्हणजे गर्भ टिकवणारं हॉर्मोन, चढलेलं असतं, पिल्लं राहिली असोत वा नसोत. त्या प्रोजेस्टेरॉनमुळे तिच्या स्तनग्रंथींमधून ग्रोथ हॉर्मोन सुटतं आणि ते इन्सुलिनला काम करू देत नाही. स्वादुपिंड जास्त इन्सुलिन बनवून निभावून नेतं, वय झालं की थकतं, आणि मग शुगर वर जाते. म्हणजे या कुत्र्यांमध्ये बीटा पेशी अजून पूर्ण मेलेल्या नसण्याची शक्यता असते. अशा वेळी गर्भाशय आणि अंडाशय काढायचं ऑपरेशन लवकर झालं तर काही जणींची शुगर पुढच्या आठवड्यांमध्ये चक्क नॉर्मलला येते आणि इन्सुलिन सुटतं. सगळ्यांचं होत नाही, आधीच खूप उशीर झाला असेल तर होत नाही, पण कुत्र्यांमध्ये डायबेटिस परत फिरण्याची जी काही खरी शक्यता असते ती जवळजवळ इथेच आहे. आणि परत नाही फिरला तरी ऑपरेशन करायचंच, कारण दर वेळी माजावर आली की शुगर पुन्हा हाताबाहेर जाणार. म्हातारी आहे, भूल सोसेल का, ही भीती मला कळते, मी ती भोगलीय, पण डॉक्टर आधी इन्सुलिन देऊन तिला जरा स्थिर करतात, हृदय, किडनी तपासतात आणि मग घेतात. ऑपरेशननंतर मात्र डोळ्यात तेल घालून बघायचं, कारण इन्सुलिनची गरज अचानक खाली येऊ शकते आणि जुनाच डोस चालू राहिला तर शुगर धोकादायक खाली जाते.

अजून दोन गोष्टी इन्सुलिनच्या आड येतात. एक म्हणजे दात. छोट्या जातींचे दात म्हातारपणी फार खराब असतात, वर पिवळा थर, हिरड्या लाल, तोंडाला वास, आणि तोंडात सतत इन्फेक्शन असलं की इन्सुलिन नीट लागू पडत नाही. लघवीचं इन्फेक्शनही तसंच, साखर असलेल्या लघवीत जंतू मजेत वाढतात आणि कुत्री ते बोलून दाखवत नाही, म्हणून लघवीची कल्चर टेस्ट (लघवीतले जंतू वाढवून बघायची तपासणी) सांगितली तर ती टाळू नका. दुसरं म्हणजे स्टेरॉइड. खाज सुटली, कान आला, त्वचा लाल झाली की स्टेरॉइडचं इंजेक्शन किंवा गोळी मिळते, दोन दिवसांत बरं वाटतं, पण त्याने शुगर सणकून वर जाते. कानाच्या आणि डोळ्याच्या काही थेंबांतही ते असतं, छोट्या कुत्र्यात तेवढंही पुरतं. कुठल्याही नवीन डॉक्टरकडे गेलात की "हिला डायबेटिस आहे, यात स्टेरॉइड आहे का" हे विचारायची सवयच लावून घ्या.

आता इन्सुलिन. डुकराचं इन्सुलिन आणि कुत्र्याचं इन्सुलिन रचनेने अगदी सारखं असतं, म्हणून त्याच्यापासून बनवलेलं खास कुत्र्यांचं इन्सुलिन मिळतं, पण आपल्याकडे बरेच डॉक्टर माणसांच्या केमिस्टकडे मिळणारं एनपीएच हे मध्यम वेगाने काम करणारं इन्सुलिन देतात, दुधाळ दिसणारं, आणि ते चांगलं चालतं. माणसांचं इन्सुलिन आवश्यक औषधांच्या यादीत असल्यामुळे त्याच्या किमतीवर सरकारची मर्यादा आहे, त्यामुळे औषधाचा खर्च लोक घाबरतात तेवढा नसतो, खर्च होतो तो तपासण्यांवर. घरात आजोबांची बाटली आहे म्हणून तीच वापरायची मात्र नाही, त्यांचं बहुतेक मिक्स इन्सुलिन असतं, ते वेगळ्या वेगाने काम करतं.

सिरिंजचा भाग शांतपणे वाचा, कारण जीव जाऊ शकतो अशी चूक इथे होते. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या दोन ताकदीत मिळतात, एका मिलीत ४० युनिट आणि एका मिलीत १०० युनिट. दोन्हीच्या सिरिंज वेगळ्या, ४० वालीचं टोपण लाल, १०० वालीचं केशरी. बाटलीवर ४० लिहिलं असेल तर लाल टोपणाची सिरिंज, १०० असेल तर केशरी, बस. १०० ची बाटली आणि लाल टोपणाची सिरिंज अशी गाठ पडली तर प्रत्येक रेघेला अडीच पट इन्सुलिन जातं. सहा किलोच्या कुत्रीला सुरुवातीचा डोस साधारण दीड ते तीन युनिट असतो, तिथे अडीच पट म्हणजे काय होईल विचार करा. केमिस्टकडून नवीन बाटली, नवीन सिरिंजचं पाकीट आणलं की दर वेळी दोन्हीवरचा आकडा जुळवून बघायचा, दुकानदार ओळखीचा असला तरी. आणि डोस एवढा छोटा असल्यामुळे एक युनिट वाढवणं हीसुद्धा या आकाराच्या कुत्र्यासाठी मोठी उडी असते, आजोबा जसे "आज श्रीखंड खाल्लंय, दोन युनिट जास्त घेतो" म्हणतात तसं इथे अजिबात नाही.

बाटली फ्रीजमध्ये दाराच्या कप्प्यात ठेवायची, फ्रीझरजवळ नाही, गोठलेलं इन्सुलिन फेकून द्यायचं. विदर्भात, मराठवाड्यात जिथे उन्हाळ्यात तासन्‌तास लाईट जाते तिथे बाटली झिपच्या पिशवीत घालून मातीच्या ओल्या मडक्यात ठेवली तर निभतं. एनपीएच जोरात हलवायचं नाही, दोन तळहातांमध्ये हळू फिरवून सगळं एकसारखं दुधाळ करायचं. उघडलेली बाटली किती दिवस चालते ते पत्रकात लिहिलेलं असतं, सहसा चार ते सहा आठवडे, आणि छोट्या कुत्रीचा डोस इतका कमी असतो की त्या मुदतीत अर्धी बाटलीसुद्धा संपत नाही. जीव होत नाही फेकायला, माहितीये, पण कमजोर झालेलं इन्सुलिन टोचत राहिलं की शुगर का वाढतेय तेच कळत नाही आणि मग उगाच डोस वाढवला जातो.

टोचायची भीती पहिल्या आठवड्यात असते, मग जाते. सुई केसासारखी बारीक असते, खरं सांगायचं तर बहुतेक कुत्र्यांना कळतही नाही. छातीच्या किंवा पोटाच्या बाजूची कातडी चिमटीत धरून वर उचलायची, तंबूसारखी पोकळी होते तिच्यात सुई घालून हळू दाबायचं. रोज जागा थोडी बदलायची, एकाच ठिकाणी टोचलं की तिथे गाठ होते आणि औषध नीट शोषलं जात नाही. स्पिट्झसारख्या झुबकेदार केसांच्या कुत्र्यात सुई आरपार जाऊन औषध केसांतच सांडतं, तेव्हा टोचायच्या पट्ट्यातले केस ट्रिम करून घ्या. आणि टोचलं पण आत गेलं की बाहेर सांडलं कळत नाहीये असं झालं तर परत टोचायचं नाही. एक डोस चुकला तर शुगर काही तास वर राहील, त्याने लगेच काही होत नाही, दुप्पट गेला तर रात्रीच्या आत जीव धोक्यात येऊ शकतो. घरात दोन माणसं देत असतील तर फ्रीजवर कागद लावून दिल्यावर लगेच टिक करा, "मला वाटलं तू नाही दिलंस" मधून डबल डोस जातो. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत साठवून दवाखान्यात द्या, कचऱ्यात टाकल्या तर कचरा वेचणाऱ्या ताईंच्या हाताला लागतात.

जेवणाचा नियम असा की आधी जेवण, लगेच मग इन्सुलिन, आणि दिवसातल्या दोन वेळांमध्ये बारा तासांचं अंतर, सकाळी सात तर संध्याकाळी सात. एखाद दिवशी तासभर इकडेतिकडे चालतं. जेवली तर पूर्ण डोस, अजिबात जेवली नाही तर पूर्ण डोस द्यायचा नाही, डॉक्टरला विचारायचं, बहुतेक जण अशा वेळी कमी डोस सांगतात, आणि हे आधीच विचारून लिहून ठेवलेलं बरं कारण असं नेमकं रविवारी रात्री होतं. रेस्क्यू कुत्र्यात एक गंमत असते, घर नवीन असेपर्यंत ती कधी हावरटासारखी खाते तर कधी घाबरून तोंडच लावत नाही, त्यामुळे पहिले काही आठवडे शुगर वरखाली होणारच.

काय द्यायचं यावर आपल्याकडे फार गोंधळ आहे. भात विष नाहीये. प्रश्न असा आहे की आज दूध-पोळी, उद्या दहीभात, परवा चिकन आणि मधे चहाबरोबर चार पार्ले-जी असं चालू असेल तर इन्सुलिनचा डोस कशाच्या हिशोबाने ठरवायचा? रोज तेच, तेवढंच, त्याच वेळी, हा खरा पथ्याचा अर्थ. त्यात साखर, गूळ, दूध, बिस्किटं, ब्रेड बंद, तंतुमय जास्त, चरबी कमी. पॅकेटचं खाणं परवडत असेल तर डॉक्टर डायबेटिसवालं सांगतात, घरचं द्यायचं असेल तर उकडलेलं बिनकातडीचं चिकन, ठराविक वाटीभर भात नाहीतर दलिया, दुधी, फरसबी, लाल भोपळा असं डॉक्टरांकडून मोजमाप ठरवून घ्या आणि वाटीऐवजी किचनच्या वजनकाट्यावर मोजा. तूप, मटणाची चरबी, तळलेलं काहीही नको, या वयाच्या छोट्या कुत्र्यांचं स्वादुपिंड चरबीने सुजतं आणि तसं झालं की आधीचा सगळा बसलेला मेळ विस्कटतो. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका तर कुठल्याच कुत्र्याला नाही. मधे काही द्यायचं असेल तर काकडीचा तुकडा, उकडलेली फरसबी. वाळलेली कुत्री आहे म्हणून वजन वाढवायचं असतं, पण ते पोटभर दुधाने नाही, इन्सुलिन लागू पडलं की खाल्लेलं अंगी लागायला लागतं आणि वजन आपोआप येतं.

आणि "शुगर फ्री" म्हणून आजोबांसाठी आणलेलं काहीही तिला देऊ नका. त्यात झायलिटॉल, म्हणजे साखरेऐवजी गोडीसाठी घालतात तो पदार्थ, असू शकतं, च्युइंगगम, माउथवॉश, काही पीनट बटर यांत ते असतं. माणसाला त्याने काही होत नाही, कुत्र्यात मात्र ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, शुगर धाडकन पडते आणि यकृतही निकामी होऊ शकतं. पाच किलोच्या कुत्र्याला अर्धा ग्रॅम पुरतो.

शुगर खाली जाणं, म्हणजे साठच्या खाली, ही या आजारातली खरी धावपळीची वेळ. कुत्री अचानक मलूल होते, चालताना मागचे पाय लटपटतात, थरथरते, भिंतीकडे तोंड करून उभी राहते, ओळख दाखवत नाही, आणि मग फिट येते. म्हातारी आहे, झोपली असेल, असं म्हणून सोडू नका. शुद्धीत असेल आणि गिळत असेल तर लगेच जेवण द्या. खूपच सुस्त असेल तर मध किंवा ग्लुकोजचं घट्ट पाणी बोटाने हिरड्यांना चोळा, हिरड्यांतूनही थोडी साखर आत जाते. फिट चालू असेल तर तोंडात काही ओतायचं नाही, श्वासनलिकेत जातं, दातांमध्ये बोट घालायचं नाही, ओठांच्या आतून चोळायचं आणि त्याच वेळी दुसऱ्याने गाडी काढायची. शुद्धीवर आली तरी दवाखान्यात न्यायचंच कारण टोचलेलं इन्सुलिन अजून काम करत असतं. घरात आणि फिरायला जातानाच्या पिशवीत ग्लुकोजची पुडी कायम ठेवा.

मग शुगर किती असली म्हणजे बरं? इथे आजोबांचे नियम सगळ्यात जास्त आडवे येतात. माणसात शुगर शंभराच्या आसपास आणायची धडपड असते कारण पुढची वीस तीस वर्षं डोळे, किडनी, पायांच्या नसा सांभाळायच्या असतात. म्हाताऱ्या कुत्रीकडे तेवढी वर्षं नाहीत, त्यामुळे तिच्यात ते बारीक नियंत्रण मागायची गरजच नाही. दिवसातला सगळ्यात खालचा आकडा साधारण ८० ते १५० मध्ये आणि बाकी वेळ दोनशे अडीचशेच्या आत असेल तर डॉक्टर खूश असतात. ती कमी पाणी पितेय, रात्री झोपतेय, वजन टिकून आहे, शेपूट हलतेय, हे तपासणीइतकंच महत्त्वाचं मोजमाप आहे. रोज पाच वेळा कान टोचून प्रत्येक आकड्याला घाबरणं तिलाही जाच आणि तुम्हालाही.

आकडे बघायचे ते असे. डोस बदलल्यावर आठवडाभर थांबायचं, शरीराला जुळवून घ्यायला वेळ लागतो, मग एक दिवस दर दोन तासांनी शुगर बघून बारा तासांचा आलेख काढायचा. हा शक्यतो घरी काढा, दवाखान्यात भीतीने ती जेवत नाही आणि आलेख फसवा येतो. कानाच्या कडेवर किंवा ओठाच्या आत बारीक टोचून थेंब मिळतो. माणसांचं ग्लुकोमीटर कुत्र्यात सहसा खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवतं, कारण कुत्र्याच्या रक्तात साखर तांबड्या पेशींत कमी आणि प्लाझ्मात, म्हणजे रक्ताच्या पातळ भागात, जास्त असते आणि मशीन माणसाचा हिशोब लावतं, म्हणून तुमच्या मशीनचा आकडा एकदा लॅबच्या आकड्याशी ताडून घ्या. माणसांच्या दंडावर लावतात तो सतत शुगर मोजणारा चौदा दिवसांचा लिब्रे सेन्सर कुत्र्याच्या मानेवर किंवा पाठीवर केस काढून लावता येतो, छोट्या कुत्र्यात तो लवकर निघून येतो पण जितके दिवस टिकतो तितके दिवस सोन्यासारखी माहिती देतो. फ्रुक्टोसामीन नावाची रक्ताची टेस्ट मागच्या दोन तीन आठवड्यांची सरासरी सांगते. एकाच सकाळचा ३०० आकडा बघून स्वतःच्या मनाने डोस वाढवायचा नाही, कधी कधी डोस जास्त झाल्यामुळे मधे शुगर पडते आणि शरीर घाबरून ती वर ढकलतं, तेव्हा वाढवलेला डोस आगीत तेल ओततो.

डोळ्यांबद्दल आधीच मनाची तयारी ठेवा. डायबेटिस झालेल्या बहुसंख्य कुत्र्यांना वर्ष दीड वर्षात मोतीबिंदू होतो, कधी काही दिवसांतच डोळे पांढरे होतात, आणि तुम्ही सगळं नीट करत असलात तरी होतो. साखर डोळ्याच्या भिंगात शिरून तिचं सॉर्बिटॉल बनतं, ते पाणी ओढतं आणि भिंग फुगून पांढरं पडतं. ऑपरेशन होऊ शकतं, प्राण्यांच्या डोळ्यांचे डॉक्टर मोठ्या शहरांत आहेत. नाही करता आलं तरी ती नाकाने आणि कानाने घर ओळखते, फक्त सोफा, पाण्याचं भांडं यांच्या जागा हलवू नका आणि जिन्याला आडवं काही लावा. पण डोळा लाल झाला, ती तो मिटून ठेवतेय, पाणी येतंय असं झालं तर ते नुसतं मोतीबिंदूचं नाही, आत सूज आलेली असते आणि ती दुखते, त्याच दिवशी दाखवा.

उलट्या, जेवण पूर्ण बंद, खूप मलूल, जोरात श्वास आणि तोंडाला नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास, हे सगळं किंवा यातलं काही दिसलं तर ते कीटोनमुळे असू शकतं. इन्सुलिन अपुरं पडलं की शरीर चरबी जाळायला लागतं, त्यातून कीटोन तयार होतात आणि रक्त आम्लधर्मी होत जातं. केमिस्टकडे कीटोनच्या पट्ट्या मिळतात, लघवीत बुडवून रंग बघायचा. पट्टी जांभळी झाली आणि कुत्री मलूल असेल तर सकाळची वाट बघू नका, तिला सलाइन आणि ॲडमिट लागतं.

दिवाळीचं वेगळं नियोजन करा. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी फटाक्यांनी ती पलंगाखाली जाते आणि जेवत नाही, नेमकी इन्सुलिनची वेळ. सगळं तासभर अलीकडे घेऊन आवाज सुरू व्हायच्या आत जेवण आणि इंजेक्शन उरकता येतं, आणि घाबरण्याच्या गोळ्या लागणार असतील तर आठवडाभर आधी डॉक्टरांना विचारा. गणपतीत आणि फराळाच्या दिवसांत पाहुण्यांना दारातच सांगा, ती कितीही केविलवाणी बघत असली तरी काही देऊ नका.

पैशांची अडचण असेल तर परळचं बैलघोडा हॉस्पिटल, शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीरच्या व्हेटर्नरी कॉलेजांचे दवाखाने इथे तपासण्या खासगीपेक्षा स्वस्तात होतात, गर्दी असते, सकाळी लवकर जा. आणि गावाला जायची वेळ यायच्या आत शेजारचं किंवा नात्यातलं एक माणूस तयार करून ठेवा, त्याला आधी सिरिंजमध्ये नुसतं सलाइन भरून हात बसवू द्या, मग तुमच्यासमोर खरं टोचू द्या. त्याच्यासाठी एका कागदावर बाटलीवरचा आकडा, टोपणाचा रंग, किती युनिट, जेवण किती ग्रॅम, जेवली नाही तर काय आणि डॉक्टरांचा नंबर मोठ्या अक्षरात लिहून तो फ्रीजवर चिकटवा, ग्लुकोजची पुडी त्याच्या शेजारीच.